उत्तरेचा बाण

साडेदहा वाजून गेले तरी सावली जागची हलेना. फाटकापासून बारा मजली इमारतीपर्यंत भाजीचे चोवीस वाफे ओळीने आखले होते आणि चोवीसच्या चोवीस सावलीत होते. ते जिने आखले ती मुलगी कडेला उभी राहून पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होती. साइटवर सगळे तिला नकाशावाली म्हणत. एवढ्या थंडीतही तिच्या तळहातांना घाम सुटला होता.

चूक तिला आज सकाळी कळली, तीही इथे उभ्या उभ्या चहा पिताना. तिच्या ऑफिसच्या साहेबांना प्रत्येक नकाशात फाटक कागदाच्या खालच्या बाजूला लागतं. माणूस आत शिरतो तसा कागद वाचता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून तिने सगळी आखणी उलटी फिरवली होती. कोपऱ्यात छापलेला उत्तरेचा बाण मात्र राहिला तसाच, वर तोंड करून. त्या बाणावर विसंबून तिने वाफे दक्षिणेला घेतले, भरपूर उन्हात. कागदावरची दक्षिण जमिनीवर उत्तर निघाली. ऊन मिळालं ते इमारतीमागच्या पार्किंगला.

"साहेब, मागे अजून नुसती माती आहे," ती हळूच म्हणाली. "काँक्रीट सोमवारी पडणार. आज सांगितलं तर अदलाबदल होईल."

"आणि माझी शोभा होईल त्याचं काय?" साहेब चेहऱ्यावरचं हसू न मोडता म्हणाले, कारण लोक जमायला लागले होते. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतोच. तोंड बंद ठेव, नाहीतर सोमवारपासून घरी बस."

भाजीचा खरा हंगाम तेच चार महिने, हे तिला पाठ होतं. पण नोकरी मिळून आठच महिने झाले होते. ती गप्प बसली आणि गप्प बसल्याची तिला लाज वाटली.

वाफे घ्यायला लोक कौतुकाने आले. कुणाच्या हातात झारी, कुणाच्या हातात कोरं करकरीत खुरपं. "मुळा लावलास तर तूच खा," एकीने नवऱ्याला बजावूनही टाकलं. चिठ्ठ्या निघाल्या, ज्याला त्याला आपापला वाफा मिळाला. फळ्यावर लावलेल्या नकाशाखाली ताब्याचा कागद होता. त्यावर सह्या झाल्या की विषय संपला.

पहिली सही निवृत्त मास्तरांची व्हायची होती. दह्याच्या रिकाम्या डब्यात टोमॅटोची रोपं घेऊन आले होते. बारीक, पिवळट, एका अंगाला झुकलेली.

"आमच्या बायकोने महिनाभर खिडकीत वाढवलीत," ते नकाशावालीला म्हणाले. "सारखी उजेडाकडे माना वळवतात. रोज डबा फिरवावा लागतो. आता सुटली बिचारी."

तिने नुसती मान हलवली.

मास्तरांनी डबा आपल्या वाफ्यात ठेवला, पेन उघडलं आणि सही करता करता थांबले. इमारतीकडे पाहिलं. पायाखालच्या सावलीकडे पाहिलं. मग फळ्यावरच्या नकाशाकडे.

"पोरी, उत्तर कुठे?"



"बाण दाखवलाय की, मास्तर," साहेब घाईने पुढे झाले. "हा काय, वर."

"कागदाला नाही विचारलं. हिला विचारलं."

सगळे तिच्याकडे बघू लागले. साहेबही बघत होते. हसू अजून तोंडावर होतं, डोळ्यांत नव्हतं. नकाशावालीने ओढणीला हात पुसला. तिने हात उचलला, इमारतीकडे पाठ केली आणि सरळ फाटकाच्या दिशेला बोट दाखवलं.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"बरोबर," ते म्हणाले, वर्गात म्हणत असतील तसं.

मग वाकून त्यांनी डबा उचलला आणि इमारतीला वळसा घालून मागे, उन्हाकडे चालू लागले. त्यांच्यामागून झारीवाले निघाले. तिचा हात अजून तसाच वर होता.