डावा गुडघा

खुंटीला बॅग अडकवून तो बाकावर टेकला आणि खोली एकदम गप्प झाली. ग्लासगोच्या या फुटबॉल क्लबचा कप्तान म्हणून वर्षानुवर्षं तो इथेच बसायचा. पण गेल्या उन्हाळ्यात क्लबने त्याला विकलं. आज तो समोरच्या संघाचा बचावपटू होता; पाय मात्र सवयीने जुन्याच खोलीत शिरले होते.

कुणी हसलं नाही. नवा कप्तान फर्गस हळूच म्हणाला, "गुडघा कसाय, कप्तान?"

"डावा वळतच नाही रे हल्ली." या खोलीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

सामना सुरू होताच फर्गसने चेंडू त्याच्या डावीकडून काढला. तो वळेपर्यंत गोल झाला होता.

रागवायलाही जागा नव्हती. दुखऱ्या बाजूनेच घुसायचं, हे फर्गसला त्यानेच शिकवलं होतं.