डॉक्टरांचा अर्धवट डाव

“घोडा बळी द्यायचा, एवढं कोणालाही दिसतं,” प्रोफेसर म्हणाले. “पण दिल्यावर पुढे काय? तिथंच तर घोडं पेंड खातं!”

घड्याळजीने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. प्रोफेसरांचंच मनगटी घड्याळ त्याच्यापुढे उघडं पडलं होतं.

“हत्ती एक घर पुढे असता ना, तर मात होती,” प्रोफेसर पुढे म्हणाले. “आहे तिथून त्याची वाट आपल्याच प्याद्यांनी अडवलीय. मी डॉक्टरांच्या बाईंना सांगून आलो, या डावात काही राम नाही. पण त्यांचं समाधान होईना. तुम्ही एकदा जा हो.”

“दुकान कोण बघणार?” घड्याळजी म्हणाला.

दाताचे डॉक्टर जिन्यावरून पडून वारले, त्याला वर्ष होत आलं होतं. त्या दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. माडीवरच्या खोलीत बुद्धिबळाचा पट मांडलेला होता, डाव अर्ध्यावर होता. एकटेच खेळत बसले असतील, खाली येताना पाय घसरला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बाईंनी मात्र तो पट कोणाला आवरू दिला नाही. वर कापड टाकून तसाच ठेवला. आणि हल्ली भेटेल त्याला त्या सांगायच्या, “हे स्वप्नात येतात. डाव पुरा करा म्हणतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कोणीतरी सोडवा हो.”

बुद्धिबळ मंडळातले एकजात सगळे जाऊन आले होते. राहिला होता फक्त घड्याळजी, डॉक्टरांचा लहानपणापासूनचा मित्र.

स्वप्नात डॉक्टर त्यालाही यायचे. समोरच्या खुर्चीत बसायचे, पांढरा घोडा उचलून काळ्या राजाच्या दाराशी ठेवायचे आणि हसायचे. रागाने नव्हे, नेहमीसारखंच. “घे ना,” म्हणायचे. घड्याळजी हात पुढे करायचा, पण बोटं वळायची नाहीत.

मग ते दिवसाही सुरू झालं. दुकानातल्या टिकटिकीत एक वेगळा आवाज मिसळायला लागला. लाकडावर लाकूड टेकवल्यासारखा. टुक. एकदा भर दुपारी त्याने भिंतीवरची सगळी घड्याळं बंद केली आणि कान देऊन बसला. टिकटिक थांबली. टुक थांबलं नाही.

“झोपेत ‘घेतो, घेतो’ म्हणून ओरडता,” त्याची बायको म्हणाली. “डोळे बघा कसे खोल गेलेत. तुमच्या मित्राचा जीव त्या पटात अडकलाय आणि तुमचा मित्रात. जाऊन या एकदा. सगळे जाऊन आले, तुम्हीच नाही गेलात. बरं दिसतं का ते?”

रविवारी तो गेला.

“या भाऊजी,” डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं. “मला वाटलं, विसरलात आम्हाला.”

“तसं कसं होईल, वहिनी.”

जिना चढताना त्याने कठडा घट्ट धरला होता. वर पोचल्यावर त्याला दम लागला. वहिनींनी खिडकी उघडली आणि पटावरचं कापड काढलं.

घड्याळजी बराच वेळ उभाच राहिला. मग काळ्या मोहऱ्यांमागच्या खुर्चीत बसला.

“झाडताना धक्का लागला असेल, वहिनी,” शेवटी तो म्हणाला. “हा हत्ती एक घर पुढे हवा.”

त्याने हत्ती पुढे ठेवला. पार डाव्या कडेला एक काळं प्यादं होतं, तेही नखाने एक घर मागे सारलं, वाकडा काटा सरळ करावा तसं. आणि मग पांढरा घोडा उचलून काळ्या राजाच्या दाराशी टेकवला. टुक.

“हा शह. राजाला हलायला जागा नाही, म्हणून प्याद्याने घोडा मारावाच लागतो. मारला की राजासमोरची वाट उघडी पडते. आणि हत्ती असा सरळ आडवा येतो… मात!”

तो खुर्चीत मागे टेकला. खोली शांत होती. कान देऊन ऐकलं, तरी शांतच होती. कित्येक महिन्यांत अशी शांतता त्याला मिळाली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

“सुटला, वहिनी,” तो म्हणाला. “डॉक्टर सुटला.”

“सुरेख,” वहिनी म्हणाल्या. “उंटाने राजाची बाजूची वाट अडवलीय, म्हणूनच सगळं जमतं.”

घड्याळजीने चमकून वर पाहिलं. “तुम्हाला कळतं यातलं?”

“यांना मीच तर शिकवलं. पुढे त्यांना हरवायचं सोडून दिलं, इतकंच.” त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. “हे एकटे कधीच खेळत नसत, भाऊजी. समोर माणूस लागायचा त्यांना. त्या दिवशी समोर कोण होतं, तेवढं मला कळत नव्हतं. म्हणून पटावरचे दोन मोहरे मी मुद्दाम सरकवून ठेवले आणि एकेकाला बोलावत राहिले.”

“हत्तीचं म्हणत असाल तर…” घड्याळजी म्हणाला. “प्रोफेसरांनाही ते सुचलं होतं.”

“हत्तीचं काय, डोकं चालवलं की सुचतं,” वहिनी म्हणाल्या. “पण त्या कडेच्या प्याद्याचा मात देण्याशी काडीचा संबंध नाही. ते कुठे होतं हे फक्त मला ठाऊक होतं, आणि या खुर्चीत बसून ज्याने ते खेळलं होतं त्याला.”

घड्याळजीने ते प्यादं पुन्हा एक घर पुढे सारलं.

“नुसता डाव हरलात म्हणून ढकललंत त्यांना?”