उजवी बाजू

ती पुन्हा उजवीकडे गेली.

त्याने आत्ताच तिला हळूच खांदा लावून डावीकडे घेतलं होतं. लग्न झाल्यापासून ती त्याच्या डावीकडूनच चालायची. दोन दुकानं ओलांडेपर्यंत बाईसाहेब मागून वळसा घालून परत उजवीकडे, आणि तोंडातून अवाक्षर नाही. त्याच्या काखेत ग्रीकांच्या लढाईवरची जाडजूड कादंबरी होती, अर्धीच वाचलेली. आज तो ती वाचनालयात परत करून वर्गणीच बंद करणार होता. कादंबरीत शहराला वेढा पडलेला, आतलं पाणी संपत आलेलं, आणि हा पुस्तक मिटून निघालेला. अगदी जिवावर आलं होतं त्याच्या.

तो लाकडाच्या वखारीत कापणीच्या यंत्रावर होता. दिवसभर उजव्या हाताला करवत किंचाळायची आणि जेवणाच्या सुट्टीत हा डबा उघडून अडीच हजार वर्षं मागे जायचा. कुणाचा भाला मोडला, कोण टेकडीमागून चालून आला, सगळं रंगवून सांगायचा. म्हणून वखारीत त्याला सेनापती म्हणत. घरी मात्र सेनापतीचं सैन्य एकच, बायको. एकदा जेवायला बसले असताना त्याने तिला वाट्या रांगेत मांडून ग्रीकांचा व्यूह समजावला होता.

"हे बघ, ढाल डाव्या हातात. निम्मी आपल्याला, निम्मी डावीकडच्या गड्याला. आपली उजवी बाजू उघडीच. ती झाकायची उजवीकडच्याने."

"आणि रांगेच्या उजव्या टोकाला जो असेल, त्याचं काय?" तिने आपली वाटी परत ओढून घेत विचारलं होतं.

"त्याला कुणी नाही. म्हणून तिथे सगळ्यात खंबीर माणूस उभा करतात."

"बरं. आता जेवा," असं म्हणून तिने जांभई दिली होती. तेव्हा त्याने ती मनावर घेतली नव्हती.

आता घेतली. कारण हल्ली त्याला कशाचा मेळच लागत नव्हता. घरात समोरासमोर बसली की बायको नीट बोलायची, हसायचीसुद्धा. रस्त्यावर आली की उजवीकडे जायची आणि मुकी व्हायची. मधेच त्याची बाही खेचायची, तीही अशी की शिवण उसवावी. शेजाऱ्यांकडे गेले, तिथेही तिने हट्टाने त्याच्या उजवीकडची खुर्ची धरली. वखारीत वेगळीच तऱ्हा. मुकादम येऊन खांदा हलवायचा, "किती हाका मारायच्या, सेनापती? लढाईवर गेला होता का?" आणि बाकीचे खिदळायचे. सगळं जग पुटपुटायला लागलंय आणि वर आपल्यालाच हसतंय, असं त्याला वाटायचं.

मग परवा ती भांडी घासत होती आणि तो शेजारी उभा राहून पुसत होता. नळ सोडलेला होता. ती काहीतरी म्हणाली. पाण्याच्या आवाजात त्याच्या कानी एवढंच आलं, "ऐक... नाही हल्ली."

तुम्ही माझं ऐकत नाही हल्ली. गाळलेल्या जागा त्याने स्वतःच भरल्या, आणि भरल्यावर त्याला ते पटलंही. इतकी वर्षं तिने त्याचे भाले आणि ढाली सोसल्या. आता विटली असणार. डावीकडून उठली म्हणजे त्याच्यावरून मनच उठलं असणार. या विचाराने तो घाबरला. पुस्तकांचं काय, ती सोडता येतात.

वाचनालयाच्या कोपऱ्यावर गाड्यांची नुसती गर्दी उसळली होती. तिथेच तो थांबला.

"हे परत करतोय," त्याने पुस्तक दाखवलं. "वर्गणीही बंद करतो. यापुढे तुझंच ऐकणार. पण रागावलीस कशावर, तेवढं सांग."

तिचे ओठ हलले. बराच वेळ हलले. मग उत्तराची वाट बघत ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"अगं, बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला. वळसा घालून ती डावीकडे आली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बोलतेच आहे. चालताना रोज बोलते, सवय जात नाही माझी. तुमचा उजवा कान गेलाय. त्या दिवशी उजवीकडून टेम्पो हॉर्न वाजवत अंगावर आला, तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

"पण परवा तू म्हणालीस, मी तुझं ऐकत नाही."

"तुम्हाला ऐकू येत नाही, असं म्हटलं मी. ऐकत तर तुम्ही कधीच नव्हता."

त्याने उजव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासली. काहीच नाही. डाव्या कानाजवळ घासली. खरखर झाली. त्याने पुन्हा उजवीकडे करून पाहिलं.

तिने त्याच्या काखेतलं पुस्तक ओढून घेतलं. खूण जागेवर आहे ना, ते पाहिलं आणि पुस्तक आपल्या पिशवीत टाकलं.

"वेढ्याचं काय झालं ते मला कळल्याशिवाय हे परत जाणार नाही. आणि उद्या आधी कानाचा डॉक्टर."

ती निघाली, तसा त्याने तिचा हात धरला. "आता इकडेच राहा, डावीकडे. इथून तुझं बोलणं ऐकू येतंय मला."

"बोलणं घरी होईल," ती म्हणाली. "टोकाला सगळ्यात खंबीर माणूस उभा करतात ना? मग सरका डावीकडे."