पोस्टमनची चाल
बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी आम्ही दोघं बनवत असलेल्या कॉम्प्युटर गेममधल्या पोस्टमनची चाल तपासत होतो. गेममधली गल्ली कोपऱ्यावरच्या गच्चीतून पाहावी तशी तिरकी दिसते. म्हणून वरचा बाण दाबला की पोस्टमनही तिरका चालायचा. आजारपणात बायको कुशीवर पडून, कीबोर्ड तिरका ठेवून खेळायची. तिला ते सरळच वाटायचं, म्हणून मी चाल तशीच ठेवली होती. ती गेल्यानंतर काल मुलीने पहिल्यांदा खेळून पाहिलं. “बाबा, हा पिऊन आलाय का? सारखा भिंतीवर आपटतोय.” “तुझ्या आईच्या हाताला बसवलाय.” “मग तिने काढलेली गल्ली दुसरं कोणी बघणारच नाही. दोन मिनिटांत कंटाळून बंद करतील.” तिचं बरोबर होतं. गल्लीतलं एकेक दार बायकोने हाताने रंगवलं होतं, लोकांनी पाहावं म्हणूनच. मी बाण सरळ केले. पोस्टमन नीट चालू लागला. बायकोसाठी बसवलेली तिरकी चाल मात्र कोडमधून अजून पुसायची राहिली आहे.