एसटीच्या रंगाचा रोबोट

नातीच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. ‘आजोबा, हा ट्रक उलगडला की रोबोट होतो. तुमच्या आवडीचे रंग देऊन परत पाठवा,’ असं तिनं लिहिलं होतं. तिला आवडलं नाही तर, या भीतीनं ट्रक महिनाभर पुस्तकांच्या कपाटातच राहिला.

“अहो, पोरीनं रंग मागितलाय, मुहूर्त नाही!” बायको म्हणाली.

शेवटी धीर करून निळ्या ट्रकला एसटीचा लाल रंग दिला, बाजूंना पिवळा पट्टा ओढला. वाळल्यावर बायकोनं तो उलगडला आणि माझा चेहरा पडला. छाती लाल, खांदे पिवळे. पण तोंड, हात, गुडघे निळेच. आत दडलेलं अंगही रंगवायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

“बिघडवला मी,” मी पुटपुटलो.

“छे! अगदी तुमच्यासारखा झालाय. मिटून बसला की रुबाबदार, उघडला की बावचळलेला.”

मला हसू आलं. त्या हसण्यातच कागद ओढला. ‘बाहेरून रंगवला, आतून राहिला. सुट्टीत ये, दोघं मिळून रंगवू.’ पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून न वाचताच पाकीट टपालपेटीत टाकून आलो.