लाल खडू

फळ्याच्या पट्टीवर लाल खडू नव्हता. मॅडमनी दोनदा चाचपून पाहिलं. पण मागच्या खुर्च्यांवर विद्यापीठाच्या समितीचे तिघे येऊन बसलेले, तेव्हा विचारणार कुणाला?

खडू प्राचार्यांच्या खिशात होता. सकाळीच त्यांनी तो उचलला होता आणि नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या बेचाळीस मुलींना मॅडमच्या माघारी बजावून ठेवलं होतं की आज कुणी तोंड उघडायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस वाईट नव्हता. उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार मिळाला तर मॅडमची अकरा वर्षांची हंगामी नोकरी कायम होणार होती. नाही मिळाला, तर हे वर्ष संपलं की त्या घरी. मुलींनाही हे ठाऊक होतं.

लाल खडूचा कायदा याच वर्गाचा. मॅडम फळ्यावर चुकल्या की जिच्या लक्षात येईल तिने उठायचं, 'मूल गेलं' म्हणायचं आणि चुकीभोवती लाल गोल काढायचा. उद्या वॉर्डात चुकीचा डोस दिला तर मूल जाणारच, मग आज सांगायला लाजायचं कशाला, असं मॅडमचं म्हणणं. दशांशचिन्हावर तर त्यांचा इतका जीव की मुली त्यांना मागून 'पॉइंट मॅडम' म्हणायच्या.

आता नेमकं आजच व्हायला हवं होतं का? पण कुणी पारखायला बसलं की माणसाचा हात आपल्याच घरात दिव्याचं बटण चुकतो. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: मूल बारा किलोचं. वेदनेवरचं औषध, दर किलोला ०.०५ मिलिग्रॅम. गुणिले बारा, बरोबर सहा.

सहा! हवं होतं ०.६. दहापट डोस. पॉइंट मॅडमचाच पॉइंट पडला होता.

बेचाळीस पेनं जागच्या जागी थांबली. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, मग मागे समितीशेजारी बसलेल्या प्राचार्यांकडे. बोलावं तर मॅडमची नोकरी जाते, न बोलावं तर मग इतके दिवस शिकलो काय? सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मॅडम पुढे सरकल्या आणि सिरिंजची आकृती काढायला लागल्या. समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे बालरोगतज्ज्ञ, शांतपणे गुणांचा फॉर्म भरत होते.

शेवटच्या बाकावरून हळूबाई उठली. हे नाव वर्गानेच ठेवलेलं, कारण हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज शेजारणीच्या पुढे जायचा नाही. लाल खडूला तिने आजवर हात लावला नव्हता. ती फळ्याकडे गेलीच नाही. मागे वळली आणि प्राचार्यांसमोर हात पुढे करून उभी राहिली.

"सर, खडू."

सकाळी फळ्याच्या पट्टीवरून तो उचलताना तिने त्यांना पाहिलं होतं. प्राचार्यांनी डोळे वटारले. ती हलेना. अध्यक्षांनी मान वळवून प्राचार्यांकडे पाहिलं, तेव्हा बिचाऱ्यांचा हात आपोआप खिशात गेला. खडू निघाला, खिशाला लाल डाग ठेवून.

हळूबाई फळ्यापाशी गेली. तिचा पहिलाच गोल, तो वाकडाच आला. आवाज मात्र शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"मूल गेलं, मॅडम."

आधी मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला, खोटं कशाला बोला. मग त्यांनी तो सहा वाचला, या पोरीकडे पाहिलं, आणि समिती, पुरस्कार, नोकरी सगळं विसरून त्या हसल्या. दोन वर्षं वाट बघत होत्या त्या हिच्या तोंडून एक शब्द निघायची. त्यांनी तिचे आभार मानले, सहा पुसला आणि ठसठशीत दशांशचिन्ह देऊन ०.६ लिहिलं. वर्गाच्या जिवात जीव आला. प्राचार्यांनी मात्र कपाळाला हात लावला.

हा काय प्रकार, असं अध्यक्षांनी उठून विचारलं, आणि तोंडाची कुलपं एकदम उघडली. मुलींनी लाल खडूचा कायदा सांगितला, मॅडम आजवर किती वेळा पकडल्या गेल्या ते सांगितलं, आणि आज खडू कुणाच्या खिशात होता तेही सांगून टाकलं. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग फॉर्म हातात घेऊन ते फळ्यापाशी आले आणि त्यांनी हळूबाईकडून खडू मागून घेतला.

फॉर्मवर 'विषयाची अचूकता' या रकान्यात त्यांनी मघाशीच दहापैकी दहा लिहून ठेवले होते. त्या दहाभोवती त्यांनी लाल गोल काढला आणि फॉर्म वर्गाला दाखवला.

"चाळीस वर्षं मुलांना औषधं देतोय," ते म्हणाले. "तो सहा मलाही दिसला नाही."

मग ते प्राचार्यांकडे वळले. समितीने पाहिलेला हा नववा वर्ग, शेवटचा. आधीच्या आठ वर्गांत कुणीच काही चुकलं नाही, निदान तसं कुणी म्हणालं तरी नाही. त्यांनी समितीतल्या दोघांकडे पाहिलं. दोघांनीही माना डोलावल्या. वेगळी बैठक घ्यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

"पुरस्कार इथेच. मॅडमना कायम करायची फाइल आजच काढा," अध्यक्ष म्हणाले, "आणि हा खडू जागेवर राहू द्या." त्यांनी तो हळूबाईच्या हातात परत दिला.

मुलींनी बाकं अशी काही बडवली की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी खडूच्याच हाताने ते पुसले, त्यामुळे गालभर पांढरं झालं, आणि ते सांगायचं कुणालाही सुचलं नाही. त्या फळ्याकडे वळल्या.

"पुढचं मूल नऊ किलोचं," त्या म्हणाल्या. "आणि आज माझं चित्त काही ठिकाणावर नाही. तेव्हा हळूबाई, खडू तुझ्याकडेच ठेव."