लॉखकाठचा आडोसा

"लॉखची फेरी, आणि तू एकटी? दुसऱ्यांच्या मागे लपून सायकल चालवणारी पोरगी तू!" सायकल क्लबचा डूगी सगळ्यांसमोर हसला होता. "एकटीने पुरी कर, मग टीममध्ये घेतो."

म्हणून इशबेल आज एकटीच निघाली होती. दरी संपून लॉखचा, त्या लांबलचक डोंगरी तळ्याचा, काठ लागला आणि समोरून असा वारा सुटला की सायकल पुढे सरकेना. मांड्या पेटल्या. सवयीने तिने कोपर झटकलं. मी दमले, आता मागच्याने पुढे यावं, अशी क्लबातली खूण.

वारा थांबला.

फक्त तिच्यापुरता. लॉखवर लाटा उसळतच होत्या, काठचं गवत आडवं झालं होतं. पुढचा रस्ता रिकामा होता.

ती डावीकडे सरकली. आडोसाही डावीकडे सरकला.

"ए, मला नकोय कुणाचा आडोसा!" ती ओरडली. "ही फेरी माझी आहे. हट!"

दातओठ खात तिने पॅडल हाणलं आणि त्या रिकाम्या जागेला मागे टाकलं. वारा थाडकन तोंडावर आला. ती खदखदून हसली. "आता ये की, दम असेल तर!"

तिने गिअर टाकला. खट्.

तिच्या मागच्या चाकाला अगदी चिकटून आणखी एक गिअर पडला.